सूर्य की अणू? : कोसंबींनी मागितलेला हिशेब

सौरऊर्जेविषयी आज दोन टोकांची मते हिरिरीने मांडली जातात. घराघरांच्या छपरांवर सौरपट्ट्या बसविल्या की विजेची टंचाई, धूर आणि तापती पृथ्वी हे तिन्ही प्रश्न एकदमच सुटतील, असे एक मत. हवामानबदल हा धनाढ्य राष्ट्रांनी उठविलेला बागुलबुवा असून सूर्याची वीज ही हौशी मंडळींची चैन आहे, असे दुसरे. मुलुंड-घाटकोपरच्या गृहनिर्माण संस्थांपासून संसदेपर्यंत हा वाद पोहोचला आहे. परंतु त्यात आवेश जितका आढळतो, तितका हिशेब आढळत नाही. हा हिशेब मांडला गेला पाहिजे, असा आग्रह सुमारे सात दशकांपूर्वी ज्या विद्वानाने धरला, त्याला मराठी वाचक इतिहासकार म्हणून ओळखतो. सौरऊर्जेचा आद्य पुरस्कर्ता म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबी यांची ओळख मात्र जवळजवळ पुसली गेली आहे.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध विद्येचे थोर अभ्यासक. पाली ग्रंथांच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाचारण केले, तेव्हा १९१८ मध्ये दामोदरही त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेला. पुढे त्याच विद्यापीठातून १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीची पदवी घेऊन तो स्वदेशी परतला. बनारस आणि अलिगढ येथे अल्पकाळ अध्यापन केल्यावर १९३३ पासून सुमारे बारा वर्षे कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविले. गणित हा त्यांचा व्यवसाय होता. परंतु संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत आणि इतिहास या क्षेत्रांच्या सीमा त्यांनी कधी मानल्या नाहीत. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांनी १९४४ मध्ये मांडलेले सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी सिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली.

त्यांच्या वृत्तीचे खरे दर्शन घडते ते प्राचीन नाण्यांच्या अभ्यासात. हातोहात फिरताना नाणे झिजते आणि त्याचे वजन अत्यल्प प्रमाणात घटते. म्हणून एकाच साठ्यातील नाण्यांच्या वजनांवरून त्यांचा कालक्रम ठरविता येईल, अशी कल्पना त्यांना सुचली. कल्पना सुचली म्हणून ती खरी, असे मात्र त्यांनी मानले नाही. त्यांनी चलनातील आधुनिक नाणी संवेदनशील तराजूवर तोलून आधी हे गृहीतक पारखले आणि मगच तक्षशिलेच्या नाण्यांविषयी विधान केले. शंका घ्यावी, पण तराजू हाती धरून घ्यावी, हा त्यांच्या विद्वत्तेचा दंडक होता. ऊर्जेच्या प्रश्नाकडेही त्यांनी याच दंडकाने पाहिले.

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली आणि गणितासाठी कोसंबींना बोलावून घेतले. पुण्याचे घर न सोडता कोसंबी डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करीत. गाडीतील त्यांचा वाचनाचा परिपाठ प्रसिद्धच होता. त्या मार्गावरील मुलुंड, भांडुप, घाटकोपर ही गावे त्या दशकात कारखाने आणि चाळी यांनी भरत चालली होती. तेथून थोड्याच अंतरावर, ट्रॉम्बे येथे, १९५४ मध्ये अणुशक्ती केंद्राची उभारणी सुरू झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. सोव्हिएत संघराज्य वगळता ती आशियातील पहिली अणुभट्टी होती. नवस्वतंत्र देशाला या घटनेचा अभिमान वाटावा, हे स्वाभाविकच होते. त्याआधीच्या वर्षी जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी झालेल्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद भाभांनी भूषविले होते आणि अणुवीज जवळजवळ फुकट मिळेल, अशी आशा जगभर व्यक्त होत होती.

या उत्साहाच्या भरात कोसंबींनी विरोधी सूर लावला. ‘सूर्य की अणू?’ हा प्रश्न त्यांनी एका लेखाच्या शीर्षकातच विचारला आणि जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढे भारतातील अणुशक्ती या विषयावर भाषण करून आपली भूमिका सविस्तर मांडली. त्यांचा आक्षेप विज्ञानाला नव्हता. खर्चाच्या मांडणीला होता. अणुविजेच्या किमतीत संशोधनाचा, लष्करी कारणांसाठी झालेल्या गुंतवणुकीचा आणि किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचा खर्च धरला जात नाही; तो सरकारी तिजोरी, म्हणजे पर्यायाने करदाता, निमूटपणे सोसतो, हा त्यांचा पहिला मुद्दा. किरणोत्साराचा धोका पुढील पिढ्यांच्या आनुवंशिकतेपर्यंत पोहोचतो, हा दुसरा. तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा होता. भारतासारख्या देशात सूर्यप्रकाश जवळजवळ बारमाही मिळतो आणि तो गावोगावी विनामूल्य येऊन पोहोचतो. त्याच्या वाटपासाठी प्रचंड केंद्रे आणि लांबलचक तारा यांची गरज नाही. सबब भांडवल तुटपुंजे असलेल्या देशाने सौरऊर्जेच्या संशोधनावर आधी भर द्यावा, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भाभांची बाजू पोकळ होती, असे मात्र म्हणता येणार नाही. देशाचा कोळसा मुख्यतः पूर्व भारतात. तो पश्चिम किनाऱ्यापर्यंत वाहून आणण्याचा खर्च मोठा. तेव्हा मुंबईच्या आसपास अणुवीज कोळशाच्या विजेशी स्पर्धा करू शकेल, हे त्यांचे गणित विचारार्ह होते. उलट सिलिकॉनची सौरघटपट्टी १९५४ मध्ये अमेरिकेत तयार झाली असली, तरी ती इतकी महाग होती की प्रारंभी तिचा खरा उपयोग झाला तो अंतराळातील उपग्रहांवर. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने बनविलेली सौरचूलही गृहिणींनी स्वीकारली नाही. सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या घरात स्वयंपाक उन्हाची वाट पाहत थांबत नाही. त्या दिवसाच्या बाजारभावापुरते पाहिले, तर सौरऊर्जेविषयी शंका घेणारे बरोबर होते. त्यांची चूक एवढीच, की आजचा भाव हाच कायमचा भाव, असे त्यांनी गृहीत धरले. अणुविजेच्या बाबतीत मात्र हेच लोक भविष्यातील स्वस्ताईवर भरवसा ठेवून होते.

या वादाचा निकाल युक्तिवादाच्या बळावर लागला नाही. कोसंबी मार्क्सवादी होते आणि जागतिक शांतता चळवळीत अग्रभागी होते. त्यामुळे त्यांची टीका ही राजकीय भूमिका समजली गेली. स्वभावानेही ते तिखट होते. विरोधकाला दुखविल्यावाचून त्यांना मतभेद मांडता येत नसे, आणि अधिकृत साम्यवाद्यांशीही त्यांचे फारसे पटले नाही. अशातच १९५९ मध्ये रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाविषयी त्यांनी मांडलेली सिद्धता गणितज्ञांना मान्य झाली नाही. ती चूक त्यांचीच होती आणि तिने त्यांच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण केले नाही. एका विषयातील सदोष सिद्धतेने दुसऱ्या विषयातील हिशेब खोटा ठरत नाही. परंतु व्यवहारात माणूस बाजूला पडला की त्याचा प्रश्नही बाजूला पडतो. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि त्याच वर्षी २९ जून रोजी पुण्यात, झोपेतच, कोसंबी निवर्तले. वयाची एकोणसाठ वर्षेही त्यांना पुरी करता आली नाहीत.

त्यानंतरचा काळ हा या वादाचा खरा परीक्षक ठरला. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. सन २००० पर्यंत दहा हजार मेगावॉट अणुवीजक्षमता उभारण्याचा आराखडा १९८० च्या दशकात आखण्यात आला. प्रत्यक्षात ते वर्ष उजाडले तेव्हा क्षमता तीन हजारांच्या आत होती. दुसरीकडे सौरपट्ट्यांची किंमत गेल्या अर्धशतकात शेकडो पटींनी उतरली. २०१० मध्ये भारतात सौर विजेच्या निविदा युनिटला अकरा-बारा रुपयांच्या घरात होत्या. २०१७ मध्ये राजस्थानातील भादला येथे हा दर २ रुपये ४४ पैशांवर आला. जानेवारी २०२५ अखेर देशाची सौरक्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. अणुभट्टी अहोरात्र चालते आणि सूर्य रात्री मावळतो, म्हणून केवळ क्षमतेची तुलना फसवी ठरेल. परंतु प्रत्यक्ष निर्मितीतही २०२३-२४ मध्ये सौर वीज अणुविजेच्या दुपटीहून अधिक होती. तरीही देशाची सुमारे तीन-चतुर्थांश वीज त्या वर्षी कोळशावरच निघाली, हेही सौरऊर्जेच्या भाबड्या पुरस्कर्त्यांनी विसरू नये. रात्रीच्या विजेसाठी साठवणुकीचा खर्च हिशेबात धरावाच लागेल.

हवामानबदल हा शब्द कोसंबींच्या काळातील वादात नव्हता. हवेतील कर्बवायूचे नियमित मापन हवाई बेटावर १९५८ मध्ये सुरू झाले. तेव्हा दर दहा लाख भागांत सुमारे ३१५ असलेले त्याचे प्रमाण आता ४२० च्या वर गेले आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे संशोधकांनी दाखवून दिले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एका पावसावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरे. पण मापनांची दीर्घ मालिका समोर असताना ती न पाहताच नकार देणे, याला चिकित्सा म्हणत नाहीत. ज्याने झिजलेल्या नाण्यांची वजने घेऊन मगच तोंड उघडले, त्याचा संशय आणि आजचा सोयीस्कर नकार यांत हाच मूलभूत फरक आहे.

कोसंबींचा अर्धा मुद्दा अद्याप विचाराधीनच आहे. सौर वीज स्वस्त झाली. पण ती बहुतांशी अजस्र प्रकल्पांतून, लांब तारांवरून येते. ज्याचे छप्पर त्याची वीज, ही त्यांना अभिप्रेत असलेली विकेंद्रित व्यवस्था तुलनेने मागे पडली आहे. एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याची योजना केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली. परंतु उपनगरांतील छप्पर एकाचे नसते. ते संस्थेच्या सामाईक मालकीचे असते. पुनर्विकासाच्या प्रतीक्षेतील इमारतीने भांडवल गुंतवावे काय, शेजारच्या उंच मनोऱ्याच्या सावलीचा तोटा कोणी सोसावा, मुलुंडला महावितरण आणि अंधेरी-बोरिवलीला खासगी कंपन्या असताना शिल्लक विजेचा मोबदला कोणत्या दराने मिळावा, हे खरे आर्थिक प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे सूर्याच्या जयजयकारात सापडणार नाहीत आणि उपहासातही सापडणार नाहीत. वीज कोणाची, खर्च कोणाचा आणि धोका कोणाच्या माथी, हे तीन प्रश्न विचारण्याचे धैर्य कोसंबींनी एकाकीपणे दाखविले. भाव बदलले, तंत्रे बदलली. हे तीन प्रश्न मात्र प्रत्येक नव्या ऊर्जायोजनेला, मग ती अणूची असो वा सूर्याची, विचारावेच लागतील.