पाटी न धरलेल्या हातांची कविता : बहिणाबाई चौधरी

जळगाव : ३ डिसेंबर १९५१ या दिवशी जळगावात बहिणाबाई चौधरी गेल्या. त्या दिवशी गावाला एवढंच ठाऊक होतं की चौधरी वाड्यातली एक कष्टाळू, वयस्कर बाई गेली. त्या कवयित्री होत्या हे घरच्या मोजक्या माणसांनाच माहीत होतं. आज त्यांच्या नावाने अख्खं विद्यापीठ आहे, शाळेच्या पुस्तकात त्यांच्या कविता आहेत, आणि लग्नातल्या भाषणापासून व्हॉट्सअॅप स्टेटसपर्यंत सगळीकडे त्यांच्या ओळी फिरतात. पण या ओळी आपल्यापर्यंत पोहोचता पोहोचता राहिल्या होत्या, हे फार जणांना माहीत नसतं.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. महाजनांचं घर, शेतकरी कुटुंब. वडील उखाजी, आई भिमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी, भरलेलं घर. शाळेचं म्हणाल तर त्या काळी आणि त्या घरात मुलीला पाटी-पेन्सिल देण्याचा प्रश्नच आला नाही. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींच्या घरात त्या सून म्हणून आल्या. माहेर तसं जवळच, पण सासुरवाशिणीला जवळचं माहेरही लांबच असतं. आखाजीला माहेरी जायला मिळालं की झोका आणि गाणी, आणि दोन दिवसांनी परत सासरची वाट. आपल्या आया-आज्यांना हे वेगळं सांगायला नको.

ओंकार, सोपान आणि काशी ही त्यांची तीन लेकरं. वयाची तिशी आली न आली तोच नवरा गेला. मोठ्या मुलाला प्लेगनं कायमचं अपंगत्व दिलं. वाटण्या झाल्या, शेतीचा भार अंगावर आला. विधवा बाईकडे गाव कसं बघायचं हेही त्यांनी सोसलं. यावर त्यांची कविता आहे. कपाळाचं कुंकू गेलं, नशिबाच्या रेषा पुसल्या गेल्या, हे सगळं त्यात येतं. पण शेवटी हात बघायला आलेल्या ज्योतिषालाच त्या सांगतात की बाबा, माझ्या दारात येऊ नकोस, माझं नशीब मला कळलंय. रडगाणं म्हणून सुरू झालेली कविता अशी पाय रोवून उभी राहते.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. लिहिता न येणाऱ्या बाईला कविता सुचायची कशी?

कामातून. पहाटे घरोटावर दळताना, चुलीपुढे, शेतात निंदताना, खळ्यावर उपणताना त्या मनात येईल ते गाण्यात गुंफायच्या. घरोट म्हणजे आपलं जातं. दळताना बाईचा एक हात फिरतो, दुसरा धान्य घालतो, तोंड मात्र मोकळं असतं. जात्याच्या फिरण्याला एक ताल असतो, शब्द त्या तालावर आपोआप बसतात. ओवी आपल्याकडे हजारो बायका गायच्या. बहिणाबाईंनी त्याच ओवीच्या चालीत स्वतःचं बघणं आणलं, हा त्यांचा वेगळेपणा.

बघणं म्हणजे काय ते सुगरणीच्या खोप्यावरून कळतं. विहिरीवर किंवा बाभळीवर लोंबणारे खोपे आपण सगळ्यांनी पाहिलेत. गवताच्या बारीक पात्या चोचीनं ओवून, आत पिल्लांसाठी खोली आणि खाली नळीसारखी वाट ठेवून हे पाखरू घर विणतं. (पक्ष्यांचे अभ्यासक सांगतात की खोपा विणतो तो नर. त्याने कवितेचं काही बिघडत नाही, त्यात पिल्लांसाठी राबणारा जीव दिसतो आणि तेवढं पुरे.) आपण खोपा बघून पुढे जातो. बहिणाबाईंना प्रश्न पडला की माणसाला देवाने दोन हात, दहा बोटं दिली, या पाखराला तेही नाही, मग कोण जास्त हुशार? एवढ्याच प्रश्नाची कविता झाली.

मन या विषयावर जगात किती ग्रंथ लिहिले गेले असतील. बहिणाबाईंनी उपमा आणली ती राखणीवरची. उभ्या पिकात शिरलेलं जनावर कितीदा हाकललं तरी पुन्हा तिकडेच वळतं, तसं मन. ज्याने कधी हातात काठी घेऊन शेत राखलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. संसाराचं सांगायला चुलीवरचा तवा आणि भाजणारे हात पुरले. मोटेवरही त्यांचं गाणं आहे. मोट म्हणजे बैलांनी ओढायची चामड्याची पखाल, आता विहिरीवर मोटर आली आणि ती दिसत नाही. पेरणी, पोळा, आखाजी, वैदू, दारात आलेला गोसावी, सगळे त्यांच्या गाण्यात येऊन बसले आहेत. इतकंच काय, छापखान्यावरही त्यांनी गाणं केलं! ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं त्या बाई कोऱ्या कागदावर अक्षरं उमटताना बघून थक्क झाल्या आणि ते कौतुकही ओवीत आलं.

भाषा मात्र घरचीच. पुष्कळ लोक त्यांच्या कवितेला अहिराणी म्हणतात, ते बरोबर नाही. ती लेवा गणबोली, जळगाव भागातल्या लेवा पाटीदार समाजाच्या घरात बोलली जाते ती. शहरात गेल्यावर आपल्यातले कितीतरी लोक ही बोली तोंडात येऊ नये म्हणून जपतात. कॉलेजला जाणारी पोरं-पोरी कविता लिहिताना पुस्तकी शब्द शोधत बसतात, चंद्र-चांदण्यांच्या मागे लागतात, आणि दारातली गाय, कापसाचा भाव, आजीचे भेगाळलेले पाय यांना कवितेत घ्यायला लाजतात. बहिणाबाईंची कविता महाराष्ट्रभर गेली ती बोलीसकट गेली, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

त्यांच्या मुलानेही कविता लिहिली. सोपानदेव चौधरी म्हणून ते कवी झाले, नावारूपाला आले. लहानपणी सोपानने शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली आणि दुसऱ्याच दिवशी आईने त्या गोष्टीचं गाणं करून म्हटलं, असं सांगतात. ते ऐकून पोरगा चकित झाला. शाळेत शिकलेल्या मुलाला आपली न शिकलेली आई कवी आहे हे असं कळलं.

सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमेल तशी ही गाणी लिहून घेतली. जमेल तशी, कारण बहिणाबाई काही समोर बसून मजकूर सांगणाऱ्या नव्हत्या. काम चालू, गाणं चालू. ऐकणारा हजर असला आणि हातात कागद असला तर ओळी राहिल्या, नाहीतर दळलेल्या पिठाबरोबर संपल्या.

बहिणाबाई गेल्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखवले. दाखवतानाही त्यांच्या मनात संकोच होता म्हणतात. आईची घरगुती गाणी, गावाकडची बोली, मोठ्या साहित्यिकासमोर कशी ठेवायची? अत्रे वाचत गेले आणि हे सोनं लपवून ठेवणं म्हणजे महाराष्ट्राचा गुन्हा होईल अशा अर्थाचं बोलले. १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. पहिल्या आवृत्तीत कविता होत्या फक्त ३५. पुढे १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांची गाणी घेतली गेली आणि ज्यांनी पुस्तक उघडलं नव्हतं त्यांच्याही कानावर ती पडली. २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं.

हे सगळं बघायला त्या नव्हत्या. पुस्तक यायला जेमतेम वर्ष उशीर झाला.

या जागी एक सांगावंसं वाटतं. आपल्या तालुक्यात अजून अशा म्हाताऱ्या आहेत ज्यांच्या तोंडात ओव्या आहेत, लग्नाची, हळदीची, दळणाची गाणी आहेत. सोपानदेवांकडे कागद-पेन्सिल होती, आपल्या प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपून घेणारा मोबाईल आहे. आजीला गायला लावा, रेकॉर्डिंगचं बटण दाबा. सुरुवातीला ती लाजेल, नाही म्हणेल. कामाला बसली की म्हणेल. आणि घरातलं एखादं पोरगं वहीच्या मागच्या पानावर काही खरडत असेल तर आधी ते वाचायला मागा, मार्कांचं नंतर विचारा. नवी कविता लिहिणाऱ्याला पहिला वाचक घरातच लागतो. बहिणाबाईंना तो मिळाला, पण तोही मुलगा मोठा होऊन कागद हातात धरेपर्यंत.

जुन्या जळगावात चौधरी वाड्यात आता त्यांचं स्मारक आहे. त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू, शेतीची अवजारं तिथे जपून ठेवली आहेत. सोपान कागद घेऊन बसायच्या आधीची, तरुणपणातली, नवरा जायच्या आधीची, माहेरच्या झोक्यावरची गाणी किती होती आणि कशावर होती, ते मात्र तिथेही नाही.