पाचगणीचा पियानोवाला

पाचगणी म्हटलं की आपल्याला टेबल लँड, घोडे, स्ट्रॉबेरी क्रीम आणि ट्रिपचे ग्रुप फोटो आठवतात. पण गॅदरिंगमध्ये ज्या गाण्यावर आपण दोनदा पाय आपटून एक टाळी वाजवतो, त्या गाण्याच्या बँडचा गायक याच पाचगणीच्या हॉस्टेलमध्ये वाढला, हे किती जणांना माहीत आहे? बँडचं नाव क्वीन आणि गायकाचं नाव फ्रेडी मर्क्युरी. हॉस्टेलमध्ये तो गायक नव्हताच मुळी. तो पियानो वाजवायचा.

त्याचं खरं नाव फारुख बलसारा. जन्म 5 सप्टेंबर 1946, आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर. घराणं गुजरातच्या बलसाडकडचं, पारशी. वडील बोमी ब्रिटिश सरकारी नोकरीत कॅशियर होते. नोकरी बरी होती, पण मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून त्यांनी आठ वर्षांच्या पोराला बोटीनं हिंदुस्थानात पाठवलं आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये घातलं. लातुरात दहावीनंतर ट्यूशनसाठी ट्रंक घेऊन उतरणारी पोरं आपण दर जूनमध्ये बघतो. ती निदान पंधरा-सोळा वर्षांची असतात, आणि दिवाळीला एस.टी. धरून घरी जातात. हा आठ वर्षांचा, आणि मध्ये अख्खा समुद्र. सुट्ट्या बऱ्याचदा मुंबईच्या नातेवाइकांकडेच जायच्या.

तोंडात चार दात जास्तीचे, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरांनी लगेच चिडवायला नाव ठेवलं, बकी! पुढे सगळे त्याला फ्रेडी म्हणायला लागले. टेबल टेनिसमध्ये तो तरबेज होता. पण हेडमास्तरांच्या लक्षात आलं की पोराचा हात पियानोवर चांगला बसतो, आणि त्यांनी त्याला वेगळी शिकवणी लावून दिली. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत (हो, तिथंही थिअरी असते!) तो चौथ्या ग्रेडपर्यंत गेला. रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर काढून दाखवायचा, असं त्याचे शाळासोबती पुढे सांगत.

1958 मध्ये, बाराव्या वर्षी, त्यानं चार मित्रांना घेऊन बँड काढला, द हेक्टिक्स. बास म्हणून चहाच्या रिकाम्या खोक्याला दोरी ताणून केलेलं वाद्य. गायचं काम दुसऱ्याच पोराकडे होतं आणि फ्रेडी पियानोवर. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची आणि शेजारच्या शाळेतल्या मुलींच्या टाळ्या घ्यायच्या, एवढाच त्यांचा व्याप.

1963 मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1964 मध्ये, तिथं क्रांती झाली, रक्तपात झाला, आणि बलसारा कुटुंब जीव वाचवून लंडनला आलं. विमानतळाजवळच्या फेल्टममध्ये घर घेतलं. फारुखनं ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइन केलं, विमानतळावर सामान उचललं, बाजारात जुन्या कपड्यांचा स्टॉल लावला. आणि 1970 मध्ये क्वीन उभा राहिला.

आता आपल्यासारख्यांनी या बँडची बाकी मेंबरं बघावीत. ब्रायन मे भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्यानं वडिलांच्या मदतीनं घरच्या घरी गिटार बनवली, तिच्या दांड्याला शेकोटीवरच्या जुन्या फळीचं लाकूड वापरलं. धूलिकणांवरची पीएच.डी. त्यानं अर्धी सोडली होती, ती 2007 मध्ये पूर्ण केली! जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सवाला, फर्स्ट क्लास. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्यानं केलेला छोटा अँप्लिफायर बँडनं अनेक वर्षं रेकॉर्डिंगला वापरला. ड्रमर रॉजर टेलर डेंटल सोडून बायोलॉजीला गेलेला. म्हणजे चारांत एकटा फ्रेडीच आर्ट्सवाला.

पहिला अल्बम (1973) त्यांनी लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत केला. पैसे नव्हते, म्हणून दुसऱ्यांचं काम संपल्यावर उरलेल्या वेळात, बऱ्याचदा रात्री-बेरात्री रेकॉर्डिंग. पण तिथं एक बेखश्टाइन कंपनीचा ग्रँड पियानो होता. त्याच पियानोवर 1968 मध्ये बीटल्सचं 'हे ज्यूड' रेकॉर्ड झालं होतं. पाचगणीच्या शाळेतला साधा उभा पियानो कुठं आणि हा कुठं!

तो काळ सिंथेसायझरचा होता. मूगची मशिनं नवीन आली होती आणि जो तो बँड ती घेत होता. क्वीननं ठरवून घेतली नाही. पहिल्याच अल्बमच्या कव्हरवर त्यांनी छापलं की यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. कारण ब्रायनच्या गिटारीचे थर ऐकून लोकांना ते मशीनच वाटायचं, आणि तासन्‌तास घासून काढलेल्या कामाचं श्रेय मशीनला जाणं त्यांना मान्य नव्हतं. कीबोर्डला आवाज हवा असेल तर तो फ्रेडी पियानोतूनच काढायचा. 'किलर क्वीन' (1974) मध्ये त्यानं ग्रँड पियानोवर दुसऱ्या, खणखणीत आवाजाच्या उभ्या पियानोचा थर चढवला. जुन्या नाटक थिएटरात ऐकू यावा तसा तो ठसका तिथून आलाय.

मग 1975 चं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'. 5 मिनिटं 55 सेकंद. सुरुवातीच्या पियानोत त्याचा डावा हात उजव्यावरून पलीकडे जाऊन वरचे सूर टिपतो, व्हिडिओत नीट बघा. मधल्या ऑपेरासाठी तिघांनीच आवाज पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून अख्खा कोरस उभा केला, जवळजवळ 180 ओव्हरडब. टेपवर ट्रॅक 24 च. म्हणजे भरलेले ट्रॅक मिसळून एकावर घ्यायचे, रिकाम्या जागी पुन्हा गायचं, पुन्हा मिसळायचं. दर कॉपीला आवाजाची क्वालिटी घसरते आणि टेपही झिजते. शेवटी टेप उजेडासमोर धरली तर आरपार दिसायचं, असं ते सांगत. आजच्या सॉफ्टवेअरवाल्यांना यातली धडधड कळायची नाही! गाणं इंग्लंडात 9 आठवडे एक नंबरला राहिलं.

त्याच अल्बममध्ये डीकननं स्वतःच्या बायकोसाठी लिहिलेल्या गाण्याला वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो हवा होता. फ्रेडीला ते वाद्य अजिबात आवडेना. मग डीकन स्वतः ते शिकला आणि रेकॉर्डिंगला वाजवलं. स्टेजवर मात्र फ्रेडी तेच गाणं ग्रँड पियानोवर वाजवायचा. हट्ट म्हणजे हट्ट!

1980 मध्ये म्युनिकला केलेल्या 'द गेम' मध्ये हा नियम मोडला. ओबरहाइम ओबी-एक्स नावाचा सिंथेसायझर आला आणि त्यांनी तेही कव्हरवर सरळ छापून टाकलं. त्या अल्बमची सुरुवातच त्या मशीनच्या घोंगावण्यानं होते, आणि ते गाणं फ्रेडीचंच. पुढची गंमत 1984 ची. 'आय वाँट टू ब्रेक फ्री' मधला सोलो आपण सगळे गिटारचा समजतो. तो फ्रेड मँडेलनं रोलंडच्या ज्युपिटर-8 सिंथेसायझरवर वाजवलाय. आधी गिटारला लोक मशीन समजत होते, आता मशीनला गिटार.

स्टेजवरही कीबोर्डला बाहेरचा माणूस येऊ लागला. फ्रेडीला आपल्या पियानोबद्दल कधीच फार खात्री नव्हती, आणि त्याला मोकळं पळायचंही असायचं. तरी 13 जुलै 1985 ला लाइव्ह एडमध्ये वेम्बलीच्या तुडुंब स्टेडियमसमोर तो आला तो थेट पियानोवर जाऊन बसला. त्या वीसेक मिनिटांबद्दल लोक अजून बोलतात.

झांझिबार, पाचगणी, फारुख हे नाव, यांबद्दल तो जाहीरपणे जवळजवळ बोलतच नसे. का, ते त्यालाच ठाऊक. मला वाटतं, बकी म्हणून चिडवलेलं पोरगं आपलं जुनं काही कुणाच्या हाती द्यायला तयार नव्हतं. आजाराचंही तसंच. एड्स झाल्याचं त्यानं 23 नोव्हेंबर 1991 ला जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी गेला, वय 45. त्याच वर्षी अंगात बळ नसताना तो माँट्रोच्या स्टुडिओत गात होता. त्यातल्या एका गाण्याचं शेवटचं कडवं त्याला झेपलं नाही, ते ब्रायननं गायलं. ज्या घराण्याचं नाव त्यानं झाकलं, त्याच्या धर्माप्रमाणे पारशी दस्तुरांनी त्याचे अंत्यविधी केले.

1975 मध्ये घेतलेला त्याचा घरचा यामाहा पियानो 2023 मध्ये लंडनला लिलावात 17 लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला. तो जिवंत असताना त्या पियानोवर कुणी साधा ग्लास ठेवलेलाही त्याला चालत नसे.