थंडीशी सख्य जोडणारा पुरुष : फ्रिट्यॉफ नान्सेन

पौष महिना लागला म्हणजे आमच्या गावोगावी पहाटे शेकोट्या पेटतात, घोंगड्या अंगाभोवती घट्ट ओढल्या जातात, आणि म्हातारी माणसे थंडीस नावे ठेवू लागतात. आमची ही थंडी म्हणजे थोड्या आठवड्यांची पाहुणी होय. परंतु पृथ्वीच्या उत्तर भागात असे देश आहेत की, तेथे वर्षातील कित्येक महिने काळी माती दृष्टीस पडत नाही, सरोवरे गोठून त्यांवरून गाड्या जातात, आणि अगदी उत्तरेस तर आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाही. अशा ठिकाणी माणसे कशी तग धरतात, इतकेच नव्हे, तर त्या हिवाळ्याची आनंदाने वाट कशी पाहतात, हे वाचकांस कळावे म्हणून नॉर्वे देशातील एका प्रसिद्ध पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यांचा जन्म ता. १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, ह्या शहराजवळ झाला. त्यांचे वडील वकील असून फार शिस्तीचे व धर्मशील होते. आई मोकळ्या हवेची भोक्ती असून ती स्वतः बर्फावर स्की चालवीत असे. स्की म्हणजे पायास बांधावयाची लांब, अरुंद व टोकास वर वळलेली लाकडी फळी. भुसभुशीत बर्फात नुसत्या पायांनी जाऊ लागले तर माणूस मांड्यांपर्यंत रुततो. स्कीवर मात्र अंगाचा भार पसरतो, पाय रुतत नाही, आणि उतार लागला की माणूस पाखरासारखा खाली जातो. जो बर्फ परक्यास वाट अडविणारा वाटतो, तोच नॉर्वेच्या शेतकऱ्यास सडक होतो. ही विद्या त्या देशी हजारो वर्षांची आहे. लहानगा फ्रिट्यॉफ तीत इतका रमला की, दहा वर्षांचा असता आईबापांची मनाई मोडून त्याने मोठ्या टेकडीवरून उडी घेतली, आणि डोके खाली व पाय वर असा तो बर्फात रुतला. जीव वाचला, पण नाद काही सुटला नाही.

पुढे त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला, आणि बर्गन शहराच्या संग्रहालयात त्यांस काम मिळाले. १८८४ च्या हिवाळ्यात राजधानीजवळ स्कीची शर्यत होती. बर्गन व राजधानी ह्यांच्यामध्ये उंच डोंगरांची रांग आहे. नान्सेन त्या बर्फाळ डोंगरांवरून स्कीने शर्यतीस गेले, आणि तसेच परत आले. आमच्याकडे जसा कोणी जत्रेस पायी जातो, तसे ते गेले.

ग्रीनलंड नावाच्या प्रचंड बेटाचा मध्यभाग हजारो फूट जाडीच्या बर्फाने झाकलेला आहे. तो आडवा ओलांडून कोणी गेले नव्हते. पूर्वीचे प्रवासी वस्तीच्या पश्चिम किनाऱ्याकडून निघत आणि अडचण पडली की मागे फिरत. नान्सेन ह्यांनी उलट बेत केला. त्यांनी ओसाड पूर्व किनाऱ्यावर उतरून वस्तीकडे चालावयाचे ठरविले, म्हणजे मागे फिरण्याची वाटच राहू नये. पुष्कळांनी ह्यास वेडेपणा म्हटले. परंतु ह्या वेड्याने आपल्या पाच सोबत्यांत उत्तरेकडील सामी जातीचे दोन गृहस्थ, बाल्टो व राव्ना, मुद्दाम घेतले होते. ह्या सामी लोकांत रेनडिअर नावाची हरणे पाळण्याची जुनी चाल आहे. बुटांत मोज्यांऐवजी वाळलेले गवत भरून पाय कोरडे कसे ठेवावे, हे त्यांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. थंड मुलुखात कोरडे पाय म्हणजे अर्धे आयुष्यच होय.

ऑगस्ट १८८८ मध्ये ही सहा माणसे आपल्या घसरगाड्या ओढीत बर्फावर चढू लागली. नऊ हजार फुटांजवळच्या उंचीवर त्यांस रात्री शून्याखाली चाळीस अंशांची थंडी सोसावी लागली. झोपावयास रेनडिअरच्या कातड्याच्या दोनच पिशव्या होत्या, व एकेकीत तिघे तिघे निजत. शेजाऱ्याची ऊब हीच त्यांची शेकोटी. चोहोंकडे बर्फ असून पिण्यास पाणी नाही, अशी स्थिती होती. कारण घोटभर पाण्यासाठी सुद्धा बर्फ वितळविण्यास इंधन लागते. शिवाय बरोबरच्या वाळल्या मांसातील चरबी काढून टाकलेली निघाली. पोट भरूनही भूक जाईना, कारण थंडीत शरीर दिव्यासारखे असते, त्यास तेल पाहिजे. वारा अनुकूळ झाला तेव्हा त्यांनी गाड्यांस शिडे बांधली व होडीप्रमाणे बर्फावरून त्या चालविल्या. ता. ३ ऑक्टोबर रोजी नान्सेन व स्वेर्ड्रुप हे दोघे गोथोब, आजचे नूक, ह्या गावी पोहोचले. मागाहून बाकीचे चौघेही सुखरूप आले.

त्या वर्षीची परतीची बोट हुकली, आणि त्यांस सबंध हिवाळा तेथेच काढावा लागला. दुसरा कोणी नशिबास दोष देता. नान्सेन मात्र तेथील इन्युइट लोकांच्या, ज्यांस त्या काळी एस्किमो म्हणत, घरी जाऊन बसू लागले. त्यांचे अन्न खाल्ले, त्यांची भाषा थोडीबहुत शिकले, आणि कातड्याची चिंचोळी होडी, जीस कयाक म्हणतात, ती चालविण्यास शिकले. शिकविणारे ते लोक आणि शिकणारा हा पदवीधर. पुढे १८९१ मध्ये त्यांनी ह्या लोकांविषयी ग्रंथ लिहिला. त्यात गोऱ्या लोकांच्या व्यापाराने व चालीरीतींनी ह्या जातीची हानी होत आहे, असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मिशनरी लोकांवरही दोष ठेवला आहे. हे आम्हांस बोचते खरे. तथापि जो मनुष्य एक हिवाळा शिष्य होऊन राहिला, त्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे हेच आम्हांस योग्य वाटते.

ह्यानंतरचा त्यांचा उद्योग जगप्रसिद्ध आहे. सायबेरियाच्या उत्तरेस १८८१ मध्ये बुडालेल्या एका जहाजाचे सामान तीन वर्षांनी ग्रीनलंडच्या किनाऱ्यास लागले होते. ह्यावरून नान्सेन ह्यांनी ताडले की, ध्रुवाजवळील बर्फ स्थिर नसून प्रवाहाबरोबर वाहते. मग बर्फाशी झुंजण्यापेक्षा त्याच्याच खांद्यावर बसून का जाऊ नये? त्यांनी फ्राम नावाचे गोल पोटाचे जहाज बांधविले. बर्फाने चिरडू म्हटले की ते फुटू नये, तर वर उचलले जावे, अशी त्याची घडण होती. भिंतींत लोकरीचा नमदा, बुचाचे लाकूड इत्यादींचे थर घालून आत ऊब राखली होती, आणि पवनचक्कीवर विजेचे दिवे लागत. १८९३ च्या उन्हाळ्यात तेरा माणसे निघाली, आणि सप्टेंबरात जहाज बर्फात गोठून बसले. तेथील काळोखात त्यांनी वाढदिवस पाळले, वाद्ये वाजविली, वर्तमानपत्र लिहिले, आणि राष्ट्रीय सणाच्या दिवशी बर्फावर मिरवणूक काढली. काम, खेळ, गाणे व पोटभर अन्न असले म्हणजे दीर्घ रात्रही सरते, हे त्यांनी दाखविले.

परंतु जहाज ध्रुवावरून जाणार नाही असे दिसताच ता. १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन व योहान्सेन हे दोघे अठ्ठावीस कुत्रे, तीन घसरगाड्या व दोन कयाक घेऊन पायी निघाले. येथे नान्सेन ह्यांची एक चूक झाली, तीही सांगितली पाहिजे. केसाळ कातड्याच्या पोषाखात घाम येतो म्हणून त्यांनी तो जहाजावरच ठेवला व लोकरीचे कपडे घातले. कपड्यांत घाम मुरला व त्याचे बर्फ झाले. अंगरखा चिलखतासारखा कडक होऊन त्याच्या बाहीने त्यांचे मनगट कापले. रात्री पिशवीत शिरल्यावर ते बर्फ अंगाच्या उबेने वितळेपर्यंत दोघांचे दात वाजत. एवढ्या जाणत्या पुरुषाससुद्धा थंडीने असा धडा दिला. एप्रिलात ८६ अंश १४ कला इतक्या उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे तोवर कोणीही गेले नव्हते इतक्या दूर, पोहोचून ते मागे वळले. वाटेत अन्न संपत आले तसे एकेक कुत्रे मारून बाकीच्यांस घालावे लागले, आणि ह्याचे शल्य त्यांच्या मनास पुष्कळ दिवस राहिले.

ऑगस्टात त्यांस फ्रान्झ योसेफ लंडची बेटे लागली. हिवाळा जवळ आला होता. वॉलरस नावाच्या समुद्रप्राण्याच्या खांद्याच्या हाडाचे फावडे व सुळ्याची कुदळ करून त्यांनी जमीन खणली, दगड व शेवाळ ह्यांच्या भिंती रचल्या, वाहून आलेल्या ओंडक्याचे आढे घातले, आणि वर वॉलरसची कातडी पसरली. दहा फूट लांब व सहा फूट रुंद अशा ह्या झोपडीत ते दोघे मे १८९६ पर्यंत राहिले. अन्न म्हणजे पांढऱ्या अस्वलाचे मांस; दिवा व चूल चालत ती चरबीवर. भिंतींवर दहिवर गोठून ते दिव्याच्या उजेडात संगमरवरासारखे चमके. कोल्हे येऊन वस्तू पळवीत. एकदा तर त्यांनी उष्णतामापक यंत्रच नेले. वाचावयास पंचांग व नौकानयनाची कोष्टके एवढेच होते. नान्सेन तीच पुनःपुन्हा वाचीत. बाहेर आकाशात उत्तरेच्या प्रकाशाचे रंगीत पडदे हलत, आणि ते पाहात दोघे येरझारा घालीत. नाताळच्या सणास नवे वस्त्र कोठून आणावे? त्यांनी अंगातलेच सदरे उलटून घातले. वर्षाच्या शेवटच्या रात्री आणखी एक गोष्ट झाली. इतके दिवस एका पिशवीत निजूनही दोघे एकमेकांस अहोजाहो करीत असत. त्या रात्रीपासून अरेतुरे म्हणावे असे ठरले. भांडण म्हणून झाले नाही.

वसंतात ते पुढे निघाले. एकदा दोरी तुटून कयाक वाहून जाऊ लागल्या. सर्व सामान त्यांतच होते, म्हणून नान्सेन ह्यांनी बर्फाच्या पाण्यात उडी घातली, आणि त्या मोठ्या कष्टाने परत आणल्या. ता. १७ जून १८९६ रोजी त्यांस अकस्मात जॅक्सन नावाचे इंग्रज प्रवासी भेटले. त्यांच्या घरी वजन करून पाहतात तो काय? नान्सेन ह्यांचे वजन दहा किलोने व योहान्सेन ह्यांचे सहा किलोने वाढलेले! ऑगस्टात फ्राम जहाजही सुटून आले. तेरांपैकी एकही दगावला नव्हता.

येथेच हे चरित्र संपते तर ती एका धाडशी पुरुषाची गोष्ट झाली असती. परंतु नान्सेन ह्यांचे खरे काम पुढेच होते. पहिल्या महायुद्धानंतर रशिया, सायबेरिया व मध्य युरोप येथे लक्षावधी युद्धकैदी घराकडे डोळे लावून बसले होते. १९२० पासून राष्ट्रसंघाच्या वतीने नान्सेन ह्यांनी त्यांपैकी चार लाखांहून अधिक माणसे स्वदेशी पोहोचविली. १९२१ मध्ये रशियातील व्होल्गा नदीच्या काठी भयंकर दुष्काळ पडला. नान्सेन ह्यांनी सप्टेंबरात जिनीव्हास राष्ट्रसंघापुढे उभे राहून, हिवाळा दारात आला आहे, आता विलंब नको, अशी विनवणी केली. सरकारांनी पैसा दिला नाही. तेव्हा ते स्वतः त्या मुलुखात गेले, उपाशी मुलांची छायाचित्रे घेतली, आणि ती दाखवीत लोकांकडून मदत गोळा केली. अमेरिकन संस्थेने ह्याहून कितीतरी मोठे काम केले. तरीही त्या आपत्तीत अदमासे पन्नास लाख लोक मेले.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. ज्या थंडीत नान्सेन ह्यांच्या अंगी मांस चढले, त्याहून सौम्य थंडीत व्होल्गाकाठची माणसे मरून पडली. फरक हवेचा नव्हता. एकापाशी चरबी होती, कातडी होती, छप्पर होते, जाणत्या लोकांपासून घेतलेली विद्या होती व शेजारी सोबती होता. दुसऱ्यापाशी ह्यांतील बहुतेक काही उरले नव्हते. हिवाळा दोघांचा एकच. हे नान्सेन ह्यांच्याइतके अंगावर घेऊन कोणास कळले असेल?

देशोधडीस लागलेल्या निर्वासितांसाठी त्यांनी १९२२ मध्ये जो प्रवासाचा दाखला चालू केला, तो नान्सेन पासपोर्ट ह्या नावाने प्रसिद्ध झाला, आणि पुढे पन्नासांहून अधिक सरकारांनी तो मानला. त्याच वर्षी त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा पैसा त्यांनी दुःखितांच्या साहाय्यार्थच लाविला. ता. १३ मे १९३० रोजी ऑस्लोजवळ आपल्या घरी त्यांस देवाज्ञा झाली. ता. १७ रोजी, ज्या राष्ट्रीय सणाची मिरवणूक त्यांच्या सोबत्यांनी एकदा बर्फावर काढली होती त्याच दिवशी, त्यांची प्रेतयात्रा निघाली. आणि त्यांच्याच बागेतील झाडाखाली त्यांस विसावा मिळाला.

आमच्या गावांत आता शेकोट्या पेटतील, आणि त्यांभोवती बसण्यात सुखही वाटेल. ते सुख घ्यावे. नान्सेन ह्यांनीही घेतले. मात्र शेकोटीजवळून उठताना, वेशीबाहेर उसाच्या तोडीस आलेली बिऱ्हाडे उघड्यावर निजली आहेत काय, त्यांच्या लेकरांच्या अंगावर काही आहे काय, एवढे पाहून मग आपली घोंगडी ओढावी.