आकड्यांच्या चढउतारांचा साक्षेपी वाचक : वॉल्टर श्यूहार्ट

मागील महिन्यापेक्षा सदोष माल वाढला की व्यवस्थापकाने पर्यवेक्षकाला जाब विचारावा, पर्यवेक्षकाने कामगाराला बोल लावावा आणि पुढच्या महिन्यात आकडा उतरला की हा आपल्या दटावणीचाच गुण, असे सर्वांनी मानावे, हा कारखान्यांतील जुना शिरस्ता. आकडा बदलला म्हणजे कामही बदलले, हे त्यामागील गृहीतक मुळातून तपासले ते वॉल्टर श्यूहार्ट यांनी.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, न्यू कँटन येथे १८ मार्च १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवून पुढील वर्षी ते वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत दाखल झाले. बेल टेलिफोन कंपनीसाठी लागणारी उपकरणे तेथे तयार होत. त्यांतील काही जमिनीखाली पुरली जात, त्यामुळे बिघाड झाल्यास दुरुस्ती फार महाग पडे. उत्पादनात सातत्य राखणे म्हणूनच निकडीचे होते. परंतु प्रत्येक लहानसहान फरकागणिक यंत्रांची जुळणी बदलल्याने सातत्य वाढण्याऐवजी घटतच असे.

१६ मे १९२४ रोजी श्यूहार्ट यांनी वरिष्ठांना एका पानाचे टिपण धाडले. त्यातील आकृती म्हणजे आजचा 'नियंत्रण आलेख'. मोजमापे घेतली त्याच क्रमाने बिंदू मांडायचे, मधोमध सरासरीची रेषा आणि वर-खाली दोन मर्यादारेषा आखायच्या. या मर्यादा साहेबाच्या इच्छेने ठरत नाहीत. त्या प्रक्रियेच्याच पूर्वीच्या नोंदींवरून काढाव्या लागतात. बिंदू मर्यादांमध्ये विखुरले असतील, तर ती प्रक्रियेची स्वाभाविक हालचाल. एकेका बिंदूमागे धावण्यात अर्थ नाही. मर्यादा ओलांडणाऱ्या बिंदूचे मात्र कारण हुडकलेच पाहिजे. पुढे त्यांनी या रेषा सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांवर ठेवल्या. तीनच का, याला निव्वळ गणिती उत्तर नाही. प्रत्यक्षात तेवढे अंतर किफायतशीर ठरते, हा त्यांचा अनुभवाधारित कौल होता. भौतिकशास्त्रज्ञाचा हा व्यवहारीपणा विशेष वाटतो.

नोंदींच्या क्रमाविषयी ते फार काटेकोर होते. दोन कारखान्यांची वार्षिक सरासरी एकच असू शकते. पण एकाची घडी वर्षभर स्थिर आणि दुसऱ्याची हळूहळू विस्कटत गेलेली, हा भेद केवळ सरासरीत पुसला जातो. आकड्यांचा कालक्रम जपला तरच तो दिसतो.

१९२५ साली बेल प्रयोगशाळा स्थापन झाली आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९५६ पर्यंत, ते तेथेच राहिले. १९३१ मध्ये त्यांचा गुणवत्ता-नियंत्रणावरील मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९३९ च्या दुसऱ्या ग्रंथाचे संपादन एडवर्ड्स डेमिंग यांनी केले. याच डेमिंगनी १९५० मध्ये जपानी उद्योजकांना ही पद्धत शिकवली आणि कीर्तीचा मोठा वाटा त्यांच्याकडे गेला. त्याआधी, १९४७-४८ च्या हिवाळ्यात, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून श्यूहार्ट भारतात येऊन गेले होते, हे आपल्याकडे क्वचितच आठवले जाते.

११ मार्च १९६७ रोजी न्यू जर्सीत त्यांचे निधन झाले.