डोक्यांची चित्रे काढणारे सूझा

चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी माणसाच्या डोक्याची पुष्कळ चित्रे काढली. पण ती फोटोसारखी नाहीत. डोळे पार कपाळावर, नाक लांब नळीसारखं, दात करवतीवानी आणि गालावर आडव्यातिडव्या रेघा. पहिल्यांदा पाहिलं तर भेवच लागते.

सूझांचा जन्म १२ एप्रिल १९२४ रोजी गोव्यात साळगावला झाला. ते तान्हे असतानाच वडील वारले. आईने मुंबईला शिवणकाम करून त्यांना वाढवले. लहानपणी त्यांना देवी आल्या. तेव्हा देवीने लई लेकरं मरत. पोरगा वाचला तर त्याला पाद्री करीन, असा नवस आईने केला. सूझा वाचले, पण पाद्री झाले नाहीत. चेहऱ्यावर वण मात्र जन्मभर राहिले.

माझ्या आजीच्या तोंडावरही देवीचे वण आहेत. ही बिमारी जगातून गेली, असे १९८० साली जाहीर झाले. तरी आजी फोटो काढताना अजून पदर आडवा घेते. मी तिला सूझांचे एक डोके दाखवले. तिने लई वेळ पाहिलं, गालावरच्या रेघांवर बोट फिरवलं अन् काहीच बोलली नाही. मला वाटते, त्या रेघा देवीच्या वणांतूनच आल्या असतील.

सूझांना शाळेतून काढले होते. भिंतीवर वाईट चित्रे काढतो, असा आरोप होता. (आपले गुरुजी तर स्वतःच भिंतीवर चित्रे लावायला सांगतात!) पुढे ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले. स्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतला म्हणून १९४५ साली तिथूनही काढले. १९४७ साली त्यांनी मित्रांसोबत नव्या चित्रकारांचा गट काढला. त्यातले रझा आपल्या नागपूरला चित्रकला शिकले होते.

१९४९ साली सूझा लंडनला गेले. तिथे आधी फार हाल झाले, १९५५ साली नाव झाले. त्याच वर्षी त्यांनी सुटाबुटातला एक माणूस काढला. त्याच्या चेहऱ्यात अन् मानेत बाण रुतलेले आहेत.

अल्लीपूरच्या वावरात बुजगावण्याला मडक्याचं डोकं असते. चुन्याचे दोन डोळे काढले की झाला माणूस! पाखरंही फसतात. सूझाही असेच थोड्या रेघांत डोके उभे करत.

१९६७ साली ते अमेरिकेत न्यूयॉर्कला राहायला गेले. २८ मार्च २००२ रोजी मुंबईत ते वारले.

इयत्ता ४ थी, जि. प. शाळा, अल्लीपूर