घटना समितीतील एकाकी आवाज : मौलाना हसरत मोहानी

‘चुपके चुपके’ ही गझल तुम्ही ऐकली असेल. पण तिचा कवी भारताच्या घटना समितीचा सभासद होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

त्यांचे मूळ नाव सय्यद फजलुल हसन. उन्नाव जिल्ह्यातील मोहान हे त्यांचे गाव. अलीगढला पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीची वाट सोडून त्यांनी १९०३ मध्ये ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक काढले. लोकमान्य टिळकांना ते राजकारणातील गुरू मानीत. १९०८ मध्ये इजिप्तमधील ब्रिटिश धोरणावर टीका करणारा एक लेख त्यांनी छापला. लेखकाचे नाव मात्र सरकारला सांगितले नाही. शिक्षा स्वतः भोगली, तुरुंगात चक्की पिसली. दंडापोटी त्यांचा ग्रंथसंग्रह कवडीमोलाने गेला. अशा काळात पत्नी निशातुन्निसा बेगम खंबीरपणे पाठीशी उभ्या राहिल्या. १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेस अधिवेशनात मौलानांनी पूर्ण स्वातंत्र्याची मागणी मांडली. गांधीजींनी विरोध केला व ती फेटाळली गेली. पुढे १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने तेच ध्येय स्वीकारले.

मुस्लिम लीगतर्फे ते संयुक्त प्रांतातून घटना समितीवर निवडून आले. १९४७ मध्ये फाळणी झाली. लीगचे अनेक पुढारी पाकिस्तानात गेले. मौलाना येथेच राहिले. येथील मुसलमान त्या वेळी भांबावलेला होता. गप्प बसणे हाच शहाणपणा, असे पुष्कळांना वाटे. मौलाना मात्र सभागृहात निर्भयपणे बोलत राहिले. संयुक्त मतदारसंघातून नवी समिती निवडा आणि मग घटना करा, असा आग्रह त्यांनी १९४८ मध्ये धरला. राष्ट्रकुलात राहण्यास १९४९ मध्ये विरोध केला. भारत हा समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ व्हावा, अशी दुरुस्तीही सुचवली. यांपैकी काहीच मंजूर झाले नाही. पण ते बोलले ते पाहुणा म्हणून नव्हे, घरचा माणूस म्हणून.

राहणी फकिराची होती. रेल्वेचा प्रवास तिसऱ्या वर्गाचा. हजला जाणारे मौलाना श्रीकृष्णाच्या प्रेमाने मथुरेलाही जात. १३ मे १९५१ रोजी लखनौ येथे त्यांचे निधन झाले.

पालकहो, मुलांना पदवी अवश्य मिळवून द्या. पण एकटे पडले तरी अभ्यासपूर्वक, सभ्यपणे आणि न घाबरता आपले मत मांडण्याची हिंमतही द्या. मतदानात हरलेला माणूस देशाला परका होत नाही, हे मौलानांच्या चरित्रातून आपण शिकले पाहिजे.