माग्नुस हिर्शफेल्ड

माग्नुस हिर्शफेल्ड (१४ मे, १८६८:कोलबर्ग, प्रशिया - १४ मे, १९३५:नीस, फ्रान्स) हे जर्मन डॉक्टर, लैंगिकताशास्त्रज्ञ आणि समाजसुधारक होते. समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार ठरवणारा जर्मन कायदा रद्द व्हावा यासाठी जगातील पहिली संघटित चळवळ त्यांनी उभारली.

सुरुवातीचे जीवन

हिर्शफेल्ड यांचा जन्म बाल्टिक समुद्राकाठच्या कोलबर्ग गावी (आता पोलंडमध्ये) एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील गावातील नावाजलेले डॉक्टर होते. प्रथम भाषा व तत्त्वज्ञान या विषयांकडे वळलेल्या हिर्शफेल्ड यांनी पुढे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८९२ मध्ये पदवी मिळवली. माग्डेबुर्ग येथे काही काळ व्यवसाय केल्यावर १८९६ मध्ये ते बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथे स्थायिक झाले.

त्यांच्या कार्याला एका रुग्णाच्या मृत्यूने दिशा दिली. हा तरुण लष्करी अधिकारी समलिंगी होता. घरच्यांच्या आग्रहाने ठरलेल्या विवाहाच्या आदल्या रात्री त्याने आत्महत्या केली. आपली व्यथा लोकांसमोर यावी, अशी इच्छा त्याने हिर्शफेल्ड यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. त्यानंतर १८९६ मध्ये हिर्शफेल्ड यांनी समलिंगी प्रेमावरील आपली पहिली पुस्तिका टोपणनावाने प्रसिद्ध केली.

कलम १७५ विरुद्धचा लढा

जर्मन दंडसंहितेच्या कलम १७५ नुसार पुरुषांमधील लैंगिक संबंध हा गुन्हा होता. स्त्रियांना हे कलम लागू नव्हते. शिक्षेपेक्षाही मोठी भीती खंडणीखोरांची असे. पोलिसांत जाण्याची धमकी देऊन पैसे उकळणे हा बर्लिनमध्ये जणू एक धंदाच झाला होता. १५ मे १८९७ रोजी हिर्शफेल्ड यांच्या राहत्या घरी वैज्ञानिक मानवतावादी समितीची स्थापना झाली. कलम रद्द करण्याची मागणी करणाऱ्या तिच्या अर्जाला १८९८ मध्ये समाजवादी नेते ऑगस्ट बेबेल यांनी राइशस्टागमध्ये पाठिंबा दिला. कालांतराने आल्बर्ट आइनस्टाइन, थॉमस मान, हेर्मान हेसे यांच्यासह पाच हजारांहून अधिक जणांनी त्यावर सह्या केल्या.

समलैंगिकता हा रोग वा दुर्गुण नसून जन्मजात निसर्गभेद आहे, हे हिर्शफेल्ड यांच्या विचारांचे मुख्य सूत्र होते. चळवळीतीलच काहींना हा वैद्यकीय दृष्टिकोन मान्य नव्हता. शिवाय त्या काळातील अनेक शास्त्रज्ञांप्रमाणे त्यांचाही सुप्रजननशास्त्रावर विश्वास होता. त्यांच्या विचारांची ही बाजू आज टीकेचा विषय ठरते. १९०७ च्या ऑयलेनबुर्ग प्रकरणात तज्ज्ञ म्हणून त्यांनी दिलेली साक्ष चळवळीला महागात पडली. सम्राटाच्या निकटवर्तीयांपैकी एकास त्यांनी न्यायालयात समलिंगी ठरवले आणि पुढील खटल्यात ते मत मागे घेतले. त्यामुळे अनेक समर्थक दुरावले. स्वतः समलिंगी असूनही हिर्शफेल्ड यांनी ही गोष्ट कधी जाहीर केली नाही.

लैंगिकताशास्त्र संस्था

६ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये त्यांनी लैंगिकताशास्त्र संस्था सुरू केली. ग्रंथालय, संग्रहालय, दवाखाना आणि विवाहविषयक सल्ला केंद्र एकाच वास्तूत असलेल्या या संस्थेत गरिबांना मोफत सल्ला मिळे. पारलिंगी व्यक्तींवरील आरंभीच्या काही शस्त्रक्रियांशी संस्थेचा संबंध होता. जन्मवेळच्या लिंगाशी न जुळणारा पोशाख करणाऱ्यांना रस्त्यात अटक होऊ नये, यासाठी डॉक्टरांच्या दाखल्यावरून बर्लिन पोलीस विशेष परवाने देत असत. असे दाखले मिळवून देण्यात हिर्शफेल्ड यांचा पुढाकार होता.

त्याच वर्षी समलिंगी नायकाची शोकांतिका मांडणाऱ्या एका मूकपटाच्या लेखनात त्यांनी भाग घेतला व डॉक्टरची भूमिकाही केली. पुढच्याच वर्षी त्याच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आली. १९२० मध्ये म्युनिक येथे त्यांना इतकी मारहाण झाली, की काही वृत्तपत्रांनी त्यांच्या निधनाची बातमी छापली. ती त्यांनी स्वतः वाचली.

ऑक्टोबर १९२९ मध्ये राइशस्टागच्या एका समितीने १५ विरुद्ध १३ मतांनी कलम वगळण्याची शिफारस केली. मात्र बदललेल्या राजकीय परिस्थितीत ती अमलात आली नाही.

जगप्रवास आणि भारत

१९३० मध्ये व्याख्यानांसाठी ते अमेरिकेस गेले आणि तेथून जपान, चीन, इंडोनेशिया असा प्रवास करत १९३१ मध्ये भारतात आले. शांघाय येथे भेटलेला ली शिऊ टोंग हा वैद्यकाचा विद्यार्थी तेव्हापासून त्यांचा सहचर झाला. आपल्या प्रवासग्रंथात हिर्शफेल्ड यांनी कॅथरिन मेयो यांच्या भारतविषयक पुस्तकावर टीका केली आणि भारताच्या स्वातंत्र्याला सहानुभूती दर्शवली.

अखेरचा काळ

१९३२ मध्ये युरोपात परतल्यावर ते जर्मनीत गेलेच नाहीत. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी बँडच्या तालावर येऊन संस्था लुटली. चार दिवसांनी तेथील हजारो पुस्तके बर्लिनच्या ऑपेरा चौकात जाळण्यात आली. मिरवणुकीत हिर्शफेल्ड यांचा अर्धपुतळाही होता. हे दृश्य त्यांनी पॅरिसमधील एका चित्रपटगृहात, वृत्तपटात पाहिले. पॅरिसमध्ये नवी संस्था उभारण्याचा प्रयत्न निष्फळ ठरला. ६७ व्या वाढदिवशी नीस येथे त्यांचे निधन झाले. संस्थेचे दप्तर सांभाळणारे त्यांचे दीर्घकाळचे साथीदार कार्ल गीझे यांनी १९३८ मध्ये आत्महत्या केली. वंशवादावर टीका करणारा हिर्शफेल्ड यांचा ग्रंथ त्याच वर्षी इंग्रजीत मरणोत्तर प्रसिद्ध झाला.

कलम १७५ हिर्शफेल्ड यांच्या मृत्यूच्या वर्षीच अधिक कठोर करण्यात आले. पश्चिम जर्मनीत ते १९६९ पर्यंत त्याच स्वरूपात राहिले आणि १९९४ मध्ये पूर्णपणे रद्द झाले. ली यांचे १९९३ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे निधन झाले. त्यांच्या इमारतीतील एका रहिवाशाने कचऱ्यातून उचलून जपून ठेवलेल्या पेटीत हिर्शफेल्ड यांचे कागद आणि त्यांच्या चेहऱ्याचा मृत्यूनंतर घेतलेला साचा सापडला. ही पेटी पुढे बर्लिनच्या माग्नुस हिर्शफेल्ड सोसायटीकडे आली.